विहिरींत उतरण्याचा परवाना व त्याचें जाग्यावरील शिक्षण

चैत्र-वैशाख आला म्हणजे विहिरींचें पाणी तळास जातें, आणि गाळ काढणें, आडवे बोअर मारणें, अडकलेला पंप सोडविणें हीं वर्षभर मागें टाकलेलीं कामें एकदम निघतात. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. विहिरींत उतरलेला मनुष्य बेशुद्ध झाला, त्यास काढण्यास दुसरा उतरला, त्याच्यामागून तिसरा, आणि तिघांपैकीं कोणीच जिवंत वर आला नाहीं. ती वाचून आपण हळहळतों व पान उलटतों. यंदा आपल्या विहिरीचें काम काढण्यापूर्वीं वाचकांनीं या विषयाचा थोडा अभ्यास करावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

कारखान्यांत अशा धोक्याच्या कामासाठीं लेखी परवान्याची पद्धत आहे. आमच्या कांहीं सभासदांनीं ती विहिरीच्या कामास लावून पाहिली व चिठ्ठ्याही छापून घेतल्या. चिठ्ठी छापण्यास फारसे श्रम पडत नाहींत. तिच्यांतील प्रत्येक ओळ टोळीच्या हातापायांत उतरविणें हें खरें काम आहे, व तें विहिरीच्या कांठावरच करावें लागतें, असें आमच्या अनुभवास आलें.

परवाना म्हणजे काय?

खांबावर चढण्यापूर्वीं वायरमन उपकेंद्रांतून परमिट घेतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. वाहिनी बंद केली आहे, व परमिट परत येईपर्यंत ती कोणीही चालू करणार नाहीं, असा तो दोन माणसांमधील करार असतो. काम संपल्यावर ज्यानें परमिट घेतलें तोच तें परत करतो, आणि मगच वीज सोडतात. विहिरीचा परवाना याच जातीचा आहे. कोण उतरणार, कशासाठीं, किती वेळ, हवा कोणी तपासली, वीज कोणी तोडली, कांठावर कोण राहणार, आणि प्रसंग आल्यास वर कसें काढणार, इतकें त्यांत लिहिलेलें असावें. काम संपतांच तो बंद करावा. दुसऱ्या दिवसाच्या कामास आदल्या दिवसाचा परवाना चालत नाहीं.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमांत हीच दृष्टि होती. वायु सांचण्याचा संभव असलेल्या कोंडलेल्या जागेंत मनुष्यास जाऊं द्यावयाचें, तर जाणत्या मनुष्यानें स्वतः तपासून लेखी दाखला दिलेला असावा. नाहीं तर जाणाऱ्यानें श्वासोच्छ्वासाचें उपकरण व कमरपट्टा लावून, त्या पट्ट्याच्या दोराचें दुसरें टोंक बाहेरच्या मनुष्याच्या हातीं द्यावें, असें तें कलम सांगत होतें. शेतांतील विहीर कारखाना नसल्यामुळें त्या कलमाचा तिच्याशीं संबंध आला नाहीं. वायु मात्र दोन्हीं ठिकाणीं सारखाच मारतो.

कागद असून घात कसा होतो?

ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रांत पायपर आल्फा नांवाचा तेल व वायु काढण्याचा मंच होता. ६ जुलै १९८८ च्या रात्रीं तेथें स्फोट व आग होऊन १६७ माणसें मेलीं. तेथें परवान्याची पद्धत नव्हती असें नाहीं. एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठीं काढून नेली होती व त्या जागीं नळाच्या तोंडावर नुसतें झांकण बसविलें होतें. त्या पंपाच्या दुरुस्तीचा परवाना एक, व झडपेचा दुसरा. रात्रपाळीच्या माणसांस पहिल्याची माहिती होती. झडप जागेवर नाहीं हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. जोडीचा पंप बंद पडतांच त्यांनीं हा सुरू केला, आणि झांकणांतून वायु सुटला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० सालीं प्रसिद्ध झाला. परवान्याचे नियम लिहिलेले होते, पण रोजच्या कामांत ते सैलपणें पाळले जात, आणि ते शिकविण्याची व्यवस्था अपुरी होती, असें त्यांत निघालें. एकानें दुसऱ्याचें पाहून शिकावें, तिसऱ्यानें त्याचें पाहून शिकावें, असें चाललें म्हणजे चांगल्या संवयींबरोबर वाईट संवयीही पुढें जातात. म्हणून जाग्यावर शिकविणें याचा अर्थ नुसतें जाग्यावर पाहूं देणें असा करूं नये. जाणत्या मनुष्यानें मुद्दाम उभें राहून, एकेक पायरी करवून घेऊन, चूक तेथेंच दुरुस्त करणें, यास आम्ही शिक्षण म्हणतों.

विहिरींतील हवा

शिकविणाऱ्यास आधीं विषय ठाऊक पाहिजे. स्वच्छ हवेंत प्राणवायु शेंकडा २०.९ असतो, तो १९.५ च्या खालीं गेल्यास ती जागा माणसानें जाण्यायोग्य नाहीं असें धरतात. पालापाचोळा कुजतांना व जमिनींतील सूक्ष्म जीवांच्या श्वसनामुळें प्राणवायु खर्च होतो व कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघतो. हा हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यानें तळाशीं बसून राहतो. शेण, मळी व सांडपाणी कुजतें तेथें हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण दहा लाख भागांत सुमारें शंभर भाग होतांच नाक बधिर होतें व वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायु गेला असें समजणारा मनुष्य येथें फसतो. विहिरींत इंजिन उतरवून चालविल्यास त्याच्या धुरांतून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. सुरुंग उडविल्यानंतरही विषारी वायु खालीं कोंडून राहतात.

कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत वाडवडिलांच्या काळीं उपयोगाची होती. आज तिच्यावर विसंबूं नये. ज्योत विझते तेव्हां प्राणवायु शेंकडा १६ च्या आसपास उतरलेला असतो, म्हणजे कंदिलाची सूचना फार उशिरां मिळते. विषारी वायूची सूचना तर त्याकडून मुळींच मिळत नाहीं. आणि खालीं गोबर गॅस असला तर तीच ज्योत भडका उडवील. हातांत मावणारें, चार वायु मोजणारें यंत्र आतां मिळतें. तें दोरीनें सोडून वर, मध्यें व तळाशीं प्रत्येक ठिकाणीं दोन-तीन मिनिटें ठेवावें व आंकडे परवान्यावर लिहावे. हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत १० च्या व कार्बन मोनॉक्साइड ३५ च्या खालीं असावा. जळणारा वायु स्फोटाच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावा.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हीं साधारण यंत्रें कर्बाम्ल वायु मोजीत नाहींत. हवेंत तो मिसळूनच प्राणवायु २०.९ वरून १९.५ वर आला असेल, तर कर्बाम्ल वायु शेंकडा सहा-सात भाग झालेला असतो. आणि चार भाग झाला तरी तो जिवास तात्काळ धोक्याचा समजतात. म्हणून यंत्राची घंटा वाजली नाहीं एवढ्यावर समाधान मानूं नये. आंकडा २०.९ हून जरा जरी घसरला, तरी पंख्याच्या नळीनें तळापर्यंत ताजी हवा सोडावी, पुन्हां मोजावें, आणि तो पूर्ववत् झाल्यावांचून कोणास उतरूं देऊं नये.

वांचविणाराच मरतो

९ एप्रिल २०२४ रोजीं, पाडव्याच्या दिवशीं, नेवासे तालुक्यांतील वाकडी येथें शेणाच्या काल्यासाठीं वापरलेल्या जुन्या विहिरींत एक मांजर पडलें. तें काढण्यास एक जण उतरला, त्याच्यामागून इतर उतरले, आणि पांच जण मेले. आणखी एक जण कमरेस दोर बांधून उतरला होता. त्यास वर ओढतां आलें व तो वांचला. पुढच्याच वर्षीं, ३ एप्रिल २०२५ रोजीं, मध्यप्रदेशांतील खंडवा जिल्ह्यांत गणगौरीच्या विसर्जनासाठीं विहीर साफ करतांना आठ जण याच रीतीनें गेले. अमेरिकेंतील नायॉश या सरकारी संस्थेनें १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, कोंडलेल्या जागांत मेलेल्यांपैकीं शेंकडा ६० हून अधिक लोक दुसऱ्यास वांचविण्यास गेलेले होते. तेव्हां परवान्याचा सर्वांत कठीण धडा उतरणाऱ्यास नसून कांठावर उभें राहणाऱ्यास आहे.

एका सकाळचा धडा

गेल्या वैशाखांत आमच्या एका सभासदाच्या मळ्यांत साठ फूट खोल विहिरीचा गाळ काढावयाचा होता. टोळी बाहेरगांवची, मुकादम व सहा गडी. मालकानें परवाना आदल्या रात्रींच ओट्यावर बसून भरला होता व मुकादमाची सही घेतली होती. सर्व रकाने भरलेले, सर्व ठिकाणीं खुणा केलेल्या. सकाळीं आम्ही तो कागद घेऊन विहिरीवर गेलों, आणि टोळीस इतकेंच सांगितलें, "यांत जें लिहिलें आहे तें एकेक करून आम्हांस दाखवा."

पहिली ओळ, "वीज बंद आहे." एक गडी स्टार्टरपाशीं गेला व म्हणाला, "मालक, मोटर बंदच आहे." मोटर बंद होती, कारण त्या वेळीं वीजच नव्हती. पेटीवरील ऑटोचें बटण चालू होतें. दहा वाजतां वीज येतांच, खालीं माणसें असतांना, पंप आपोआप सुरू झाला असता. मालकाचा चेहरा उतरला. त्यांनीं आदल्या रात्रीं खूण केली ती खोटी म्हणून केली नव्हती. ओट्यावरून त्यांस स्टार्टर दिसत नव्हता इतकेंच. मग ऑटो बंद करविला, फ्यूज काढविले, पेटीस कुलूप लावविलें, व किल्ली जो उतरणार होता त्याच्या खिशांत दिली. तो वर आल्यावांचून आतां ती पेटी उघडणें शक्य नव्हतें.

दुसरी ओळ हवेची. यंत्र तळाशीं सोडलें तेव्हां आंकडा चांगला आला. आम्हीं लांब बांबू मागविला व त्यानें तळचा गाळ ढवळविला. थोड्या वेळांत प्राणवायूचा आंकडा खालीं सरकूं लागला. सर्व गडी वांकून तो आंकडा पाहत होते. गाळांत कोंडलेला वायु फावडें लावल्यावर बाहेर येतो, म्हणून एकदां मोजून भागत नाहीं व यंत्र उतरणाऱ्याच्या छातीशीं असलें पाहिजे, ही गोष्ट त्यांस आम्ही व्याख्यानानें पटवूं शकलों नसतों. पंखा लावून अर्ध्या तासानें पुन्हां मोजलें, तेव्हां आंकडा सुधारला. काम संपेपर्यंत पंखा बंद करावयाचा नाहीं, असें तेथेंच ठरलें.

तिसरी ओळ, "कांठावर राखण." दोरावर एक विशींतला तरुण होता. आम्हीं त्यास विचारलें, "खालचा मनुष्य बोलेनासा झाला, तर तूं काय करशील?" तो तात्काळ म्हणाला, "उतरेन कीं, मालक! माझा चुलता आहे तो."

त्यावर रागावण्यासारखें कांहींच नव्हतें. त्याच्या जागीं आपणही हेंच बोललों असतों. "तूं उतरलास तर चुलत्यास ओढणार कोण?" असें आम्हीं विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां साठ किलो वाळूचें पोतें दोरास बांधून तळाशीं सोडविलें. "हा तुझा चुलता. काढ वर." त्यानें व दुसऱ्या एका गड्यानें दोर ओढण्यास सुरुवात केली. दोर कांठाच्या दगडावर घांसूं लागला. पंधरा-वीस फूट पोतें वर आलें आणि लटकून राहिलें. तिसरा मदतीस धांवला, तरी तें कांठाच्या खालीं अडकलें. मुकादमाच्या हातांत घड्याळ दिलें होतें. प्राणवायु मिळेनासा झाला म्हणजे सुमारें चार मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते, हें आम्हीं त्यास आधींच सांगितलें होतें. तीं चार मिनिटें संपलीं तेव्हां पोतें विहिरींतच होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग तिपाईवर कप्पी व हातानें फिरविण्याची चरखी बसविली. विजेची यारी जवळच उभी होती. पण ऐन वेळीं वीज गेली तर ती मनुष्यास मध्येंच लटकत ठेवील, म्हणून चरखी. तेंच पोतें दोघांनीं दीड मिनिटांत वर आणलें. त्या तरुणाकडून आम्हीं तीन वेळां तें करविलें. नुसता कमरेचा दोर बेशुद्ध मनुष्याच्या बरगड्या आवळतो किंवा निसटतो. म्हणून खांद्यांवरून व मांड्यांवरून जाणारा पट्टा त्यास स्वतः बांधावयास लाविला. शेवटीं पुन्हां तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "जागा सोडणार नाहीं. चरखी फिरवीन आणि हांक मारीन." मग त्याची सही परवान्यावर घेतली. आदल्या रात्रीं त्या कागदावर त्याचें नांवही नव्हतें.

या सर्वांस दोन तास लागले. गाळाचें काम त्या दिवशीं निम्मेंच झालें, व दुसऱ्या दिवशीं नवा परवाना काढून पुरें केलें.

शिकविणाऱ्यानें काय करावें?

या व अशा इतर प्रसंगांवरून जे नियम आम्हांस उपयोगी वाटले ते खालीं देतों.

१. परवाना विहिरीच्या कांठावरच भरावा. लिहिणाऱ्यानें जी गोष्ट त्या क्षणीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं तिच्यापुढें खूण करूं नये.

२. "समजलें काय?" असें विचारूं नये. मजूर भिडेनें "होय" म्हणतो. "करून दाखव" असें म्हणावें.

३. शिक्षण मुकादमास देऊन थांबूं नये. प्रत्येक गड्यास, आणि विशेषतः कांठावरच्यास, त्याचें स्वतःचें काम त्याच्या बोलींत सांगतां आलें पाहिजे. अक्षरओळख नसलेल्यास परवाना मोठ्यानें वाचून दाखवावा.

४. पोत्याची कसरत काम सुरू होण्यापूर्वीं त्याच विहिरीवर, त्याच दोरानें करावी. ज्या साधनानें पोतें वर येत नाहीं त्यावर मनुष्य सोडूं नये.

५. मध्येंच नवा गडी आला, जेवणाची सुट्टी झाली, पाऊस आला किंवा कामाचा प्रकार बदलला, तर सर्वांस वर बोलावून परवाना पुन्हां वाचावा व हवा पुन्हां मोजावी. पायपर आल्फावरील घात माणसांच्या अदलाबदलींत झाला, हें विसरूं नये.

६. चूक दिसतांच काम थांबवावें, पण चूक करणाऱ्यास चारचौघांत हिणवूं नये. हिणविलेला मनुष्य पुढची चूक लपवितो.

७. "मला खालीं बरें वाटत नाहीं" असें म्हणून जो वर येईल त्याची मजुरी कापूं नये. टोळीनें असा मनुष्य पाहिला म्हणजेच परवान्यावरील शब्द खरे आहेत असें तिला वाटतें.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. वीज ठराविक तासच मिळते, पीक उन्हानें करपत असतें, अशा वेळीं दोन तास कोठून आणावे, असें कोणी म्हणेल. ही अडचण खरी आहे. पण तिचा भार कोणावर पडतो हें पाहावें. गाळाचें काम बहुधा उक्तें दिलेलें असतें. शिक्षणांत गेलेला वेळ टोळीच्या कमाईंतून जातो, म्हणून मुकादमास घाई असते, व त्या घाईस कारण आपणच असतों. शिक्षणाच्या वेळेची मजुरी मालकानें निराळी द्यावी आणि ती आधींच ठरवावी. हें केल्यावांचून टोळीकडून सावधपणाची अपेक्षा करणें न्यायाचें होणार नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वायु मोजण्याचें यंत्र, पंखा, तिपाई, चरखी व पट्टा एकेका शेतकऱ्यास वर्षांतून एकदां लागणार. तीं गांवच्या सहकारी सोसायटीनें एकदां घेऊन भाड्यानें द्यावीं, व यंत्र वेळोवेळीं तपासून घ्यावें. साधनें देतांना त्यांबरोबर शिकविणारा मनुष्यही पाठवावा. नाहीं तर पट्टा खुंटीवर राहील आणि मनुष्य दोरानें उतरेल.

एक गोष्ट मात्र परवान्यानेंही साधत नाहीं. शेणकाल्याची जुनी विहीर, गोबर गॅसची टाकी किंवा मळीचा खड्डा यांत साध्या शेतकऱ्यानें कोणत्याही परवान्यावर मनुष्य उतरवूं नये. तेथें वरूनच काम करावें, नाहीं तर योग्य साधनें असलेल्या जाणत्यांस बोलवावें. साध्या विहिरींतही पंप सांखळीकप्पीनें वरून निघत असेल, किंवा गाळ यारीच्या पंजानें निघत असेल, तर तसाच काढावा. परवाना लिहिण्यास बसतांना पहिला प्रश्न हाच असावा, कीं मनुष्य खालीं पाठविण्याची गरज आहे काय.

आपल्या विहिरींत उतरणारा मनुष्य आपल्या शब्दावर उतरतो. मालकानें सांगितलें, तेव्हां पाहिलेलें असेलच, असें तो समजतो. म्हणून सही करणाऱ्यानें सही करण्यापूर्वीं कांठावर यावें, स्टार्टरची पेटी स्वतः उघडावी, यंत्राचा आंकडा स्वतः वाचावा, आणि चरखीचा दांडा एकदां स्वतः फिरवून पाहावा. यंदाच्या उन्हाळ्यांत ज्या सभासदांस आपल्या टोळीसाठीं असा धडा ठेवावयाचा असेल त्यांनीं काम काढण्यापूर्वीं आठ दिवस तसें सोसायटीस कळवावें. त्यांनीं वाळूचें पोतें मात्र भरून ठेवावें.